अप्पांचा पहिला घास

सकाळी साडेनऊला मडिवाळप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, ताज्या शेंगाचटणीत दाबला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दुकानासमोरची दहा-बारा माणसं गप्प झाली. एका बाईने कडेवरच्या पोराच्या तोंडावर हातसुद्धा ठेवला. मडिवाळप्पा सावकाश चावत राहिले, भुवया थोड्या वर गेल्या, खाली आल्या, आणि शेवटी मान उजवीकडे झुकली. "बरोबर," ते म्हणाले. "पाणी पिऊन आलोच." आणि मागच्या दाराने आत गेले.

बाळीवेशीजवळच्या या दुकानाचा हा रिवाज वडिलांनी, गुरुपादप्पांनी, घालून दिलेला होता. उखळातून चटणी बाहेर आली की पहिला घास मालकाचा. मालकाने खायचं, मान हलवायची, मगच तराजूला हात लावायचा. मडिवाळप्पांनी तीस वर्षांत हा घास चुकवला नव्हता. ताप असो, सुतक असो, जावयाच्या घरचं बोलावणं असो, साडेनऊला अप्पा गल्ल्यावर. लोकसुद्धा चटणीपेक्षा त्या मिटलेल्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवायचे.

पण गेले आठ महिने मडिवाळप्पा तो घास गिळत नव्हते. ही गोष्ट उभ्या सोलापुरात तिघांनाच ठाऊक होती: ते स्वतः, त्यांच्या पत्नी मल्लव्वा आणि पोटाचे डॉक्टर.

सुरुवात छातीतल्या जळजळीने झाली. मग रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायला लागलं. मडिवाळप्पांनी ते सोडा पिऊन, जिरं चावून आणि 'काही होत नाही' असं म्हणून दोन वर्षं रेटलं. एके दिवशी मात्र जेवताना भाकरीचा घास छातीच्या मधोमध अडकून बसला, ना वर ना खाली. तेव्हा मल्लव्वांनी त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून झाली. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. आम्ल वर येऊन येऊन अन्ननलिका सुजलीय, थोडी अरुंद झालीय. रोज उपाशीपोटी ही गोळी. तिखट बंद, तेलकट बंद, सुकं बंद. घास लहान, चावून चावून. काम काय करता?"

"शेंगाचटणीचं दुकान आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिखट, तेलकट आणि सुकं. तिन्ही एकाच पुड्यात बांधून विकता की हो तुम्ही."

त्या दिवसापासून घरात मऊ भात, घोटलेलं वरण आणि उकडून कुस्करलेला दुधी सुरू झाला. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा आल्या. आम्ल खाली राहिलं, पण मल्लव्वाही खाली घसरायला लागल्या. "झोपते तुमच्या शेजारी आन सकाळी उठते तुमच्या पायाशी," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात तक्रार कमी आणि काळजी जास्त असायची.

मडिवाळप्पा हा मुळात आत्मविश्वासाचा माणूस. आजार लपवून ठेवणं त्यांना अवघड वाटलं नाही. घास चावायचा, मान हलवायची, पाणी प्यायला म्हणून मागे जायचं आणि मोरीत थुंकून चूळ भरायची. चव बघण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या आंबट पाण्याने जीभ अशी काही बिघडली होती की साखरसुद्धा कैरीसारखी लागायची. आठ महिने त्यांनी रोज 'बरोबर' म्हटलं आणि रोज ते अंदाजपंचे होतं.

लपवण्याचं कारण उघड होतं. चटणीवाल्याचाच घसा गेला, असं एकदा गावात झालं की कोण पुडा बांधून नेणार? पण त्याहून खोल एक भीती होती, ती त्यांनी मल्लव्वांनाही सांगितली नव्हती. शेंगा भाजणं, निवडणं, कुटणं हे सगळं रत्नम्मा आणि तिच्या हाताखालच्या दोघी करायच्या. मग मालक म्हणून आपण काय करतो? तर एक घास खातो. तोही गेला तर आपण या दुकानात कोण, हा प्रश्न त्यांना छातीतल्या जळजळीपेक्षा जास्त जाळायचा.

त्या सकाळी मोरी तुंबली होती. तोंडात घास घेऊन मडिवाळप्पा क्षणभर उभे राहिले, मग मोरीपलीकडचं दार उघडून बोळात गेले आणि गटारात थुंकले. वर बघतात तो समोर आबासाहेब.

आबासाहेब कुर्डुवाडीला तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन सोलापुरात आले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. समोरच्या माणसाकडे काहीतरी लपवलेलं आहे, असं धरूनच ते बोलायला सुरुवात करायचे.

"या, या आबासाहेब. आज मागनं?"

"पुढचा रस्ता खोदलाय. तुम्ही थुंकलात."

"कोण?"

"तुम्ही. घास थुंकलात. चावलेला. शेंगा दिसल्या मला."

"ते होय? ते... चला की आत, चहा घ्या."

"मी चहा घेत नाही, हे तुम्हाला वीस वर्षं माहीत आहे," आबासाहेब म्हणाले आणि मडिवाळप्पांच्या मागोमाग दुकानातून पुढे आले. तिथे गिऱ्हाइकांच्या समोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला. "जरा थांबा मंडळी. पिशव्या बंद करू नका. मालकांनी आत्ता स्वतःची चटणी गटारात थुंकली. मी डोळ्यांनी बघितली."

सगळ्या माना मडिवाळप्पांकडे वळल्या. खरं सांगायला हीच वेळ होती. पण वर्षानुवर्षं बसलेला आत्मविश्वास असा ऐनवेळी उठून जात नाही. तो मडिवाळप्पांच्या तोंडून ठामपणे बोलला, "एक शेंगदाणा खवट लागला."

स्वतःला वाचवायला मालाला दोष देण्याचा प्रकार त्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होता. अनुभव नसल्यामुळे त्याचे परिणाम त्यांना माहीत नव्हते.

"खवट?" एका बाईने पिशवीतून पुडा काढून पुन्हा काउंटरवर ठेवला. तिचं बघून दुसरीनेही ठेवला.

"एक दाणा खवट म्हणजे पोतं खवट," आबासाहेबांनी निकाल दिला. "पोतं खवट म्हणजे आजचा सगळा घाणा खवट."

आतला मुसळाचा आवाज थांबला. पदर खोचलेली रत्नम्मा हातातल्या परातीसकट बाहेर आली. ती एकवीस वर्षं तिथे कुटत होती आणि गरजेपेक्षा जास्त कधी बोलत नव्हती.

"कोन म्हनलं खवट?"

सगळ्यांनी फक्त मडिवाळप्पांकडे बघितलं.

"मालक, एकेक दाना निवडलाय मी. काल दुपारधरनं निवडायलेय. खवट दाना माज्या हातातनं गेला असंल, तर हे घ्या तुमचं उखळ. मी जाते घरी." आणि तिने खरोखरच परात काउंटरवर ठेवली आणि खोचलेला पदर सोडला.

रत्नम्मा गेली तर दुकानात फक्त मिटलेले डोळे उरणार होते. "अगं, शेंगदाणा नव्हे गं," मडिवाळप्पा घाईने म्हणाले. "माझं चुकलं. शेंगा उत्तम आहेत. ती भाकरी... भाकरीच जरा जळकी होती."

हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं नाही की भाकरी माडीवर मल्लव्वा करतात, आणि माडीचा जिना दुकानात उतरतो, आणि त्या जिन्यावर मल्लव्वा ताकाचा तांब्या घेऊन उभ्या आहेत.

"जळकी?" मल्लव्वा म्हणाल्या.

मल्लव्वा एकेक पायरी उतरून खाली आल्या, ताटलीतली उरलेली भाकरी उचलून त्यांनी उजेडात धरली आणि सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवली. पापुद्रा पांढराशुभ्र होता. "कुटं जळलीय, दावा की. बत्तीस वर्सं खायलाव, आज जळकी लागली व्हय?" त्यांना खरं काय ते सगळं माहीत होतं. म्हणूनच त्यांना राग जास्त आला होता. आजार लपवा, पण माझी भाकरी मधे घालू नका, असा तो सरळ हिशेब होता.

"म्हणजे शेंगदाणा खवट नाही," आबासाहेब बोटांवर मोजत म्हणाले, "भाकरी जळकी नाही. मग थुंकलात का?"

इतक्यात खोदलेल्या रस्त्याच्या पलीकडे टेंपोचा हॉर्न वाजला आणि मंद्रूपचा बसू घामाघूम होऊन आत शिरला. "अप्पा, भरलं का तीस किलो? उद्या पोरीच्या अक्षता हायत. आचारी बसल्यात वाट बगत." मग त्याला काउंटरवरचे परत आलेले पुडे दिसले, पदर सोडलेली रत्नम्मा दिसली, हातात भाकरी धरलेल्या मल्लव्वा दिसल्या. "काय झालंय ओ?"

"मालकांनी चटणी थुंकली," आबासाहेब म्हणाले. "कारण शोधायचं काम चालू आहे."

बसू काउंटरला हात लावून उभाच राहिला. "आता वो? मंडप घातलाय. पाचशे मानसं जेवनार हायत. आता मी दुसरी चटणी कुटनं आनू? अप्पा, तुमी खाल्लीया म्हनूनच मी नेतो. तुमीच थुंकली म्हनल्यावर मी व्याह्यांच्या पानात काय वाढू?"

मडिवाळप्पांना त्याच्या तोंडाकडे बघवेना. दुसरं कुणी असतं तर चार शब्दांत वाटेला लावलं असतं. पण हा माणूस लेकीचं लग्न सोडून आला होता, आणि त्याच्या मांडवात आपल्या एका थापेमुळे गोंधळ होणार होता.

"एक करा की," बसूच पुढे म्हणाला. "आत्ता सगळ्यांम्होरं खावा. गिळा. पानी प्यायला आत जाऊ नका. तुमच्या घशाखाली गेली की माजी भरा. विषय संपला."

"मान्य," आबासाहेब म्हणाले. "मी घशाकडे बघतो."

मल्लव्वांनी हळूच मान नाही म्हणून हलवली. मडिवाळप्पांनी ती बघितली आणि न बघितल्यासारखी केली. आपल्या वडिलांनी चाळीस वर्षं गिळलं, आपण एक घास गिळू शकणार नाही? लहान तुकडा घेऊ, चावून चावून गिळू. त्यांनी मल्लव्वांच्या हातातून भाकरी घेतली, नखाएवढा तुकडा मोडायच्या बेतात होते, पण पंचवीस-तीस डोळ्यांसमोर नखाएवढा तुकडा मोडणं त्यांच्या हाताला जमेना. मोडला तो नेहमीसारखा ऐसपैस मोडला. चटणीत दाबला. तोंडात टाकला. चावला. आणि गिळला.

घास छातीच्या मधोमध जाऊन बसला.

श्वास नीट चालू होता. पण घास हलेना. तोंडात लाळ भरायला लागली आणि ती गिळायला वाटच नव्हती. तोंड उघडलं तर सगळं बाहेर येणार. म्हणून मडिवाळप्पांनी ओठ गच्च मिटले, डोळे मिटले आणि एक हात वर केला. थांबा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"बघा, चव घेताहेत," आबासाहेब कुजबुजले.

पाव मिनिट झालं. अर्धं झालं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"तिखट जास्त झालंय," पुडा परत केलेली बाई म्हणाली.

"तिखट न्हाय," बसू म्हणाला. "एवढा वेळ कवा लावत न्हाईत अप्पा. कायतरी बारीक धरलंय त्यांनी."

मिनिट उलटलं. अप्पा मिटल्या डोळ्यांनी, वर केलेल्या हाताने तसेच उभे. निकाल देणारा माणूस गप्प राहिला की समोरच्यांना आपापले गुन्हे आठवायला लागतात. आधी रत्नम्माला आठवला. "लसूण," ती खालमानेनं म्हणाली. "सोललेला लसूण संपला व्हता. मूठभर कमी घातला मी. पर तेवढ्यानं..."

अप्पांचा हात वरच होता.

"अप्पा, असं नका ओ करू," बसूला घाम फुटला. "व्हय, मी व्याह्यांना सांगितलंय की चटणी घरची हाय, माज्या बायकूनं कुटलीया म्हनून. चुकलंच माजं. पर ते तुमास्नी खाऊन कसं कळलं?"

तेवढ्यात मडिवाळप्पांनी वर केलेला हात छातीवर दाबला, आणि मल्लव्वांचा तांब्या काउंटरवर आदळला. "सरका, सरका! चव कसली बघायलेत! घास अडकलाय त्यांचा!"

मग सगळ्यांनी एकाच वेळी मदत केली. आबासाहेबांनी पाठीत धपाटा घातला. बसू पाण्याची बाटली घेऊन धावला. कोणी केळं द्या म्हणालं, कोणी हात वर करून उड्या मारायला सांगितलं. मल्लव्वांनी आबासाहेबांच्या हातावर फटका मारला आणि बाटली हिसकून घेतली. "पानी ओतू नका वरनं! साक री, साक!" पुरे झालं, हे त्या घाबरल्या की कानडीतच म्हणायच्या. "तुमी सरळ उभं ऱ्हावा. नाकानं श्वास घ्या. लाळ थुंका खुशाल, लाजू नका." त्यांनी परातीशेजारचं पातेलं नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळायला लागल्या. चोळता चोळता आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर आलं. "आठ म्हयने झाले, मऊ भाताशिवाय काय उतरत न्हाय यांना. पित्तानं नळी आवळलीय आतनं. डॉक्टर तिखटाला शिवू नका म्हनलाय. आन हे रोज हितं उभं ऱ्हाऊन नाटक करायलेत. दुकानापायी जीव द्यायचाय यांना!"

चार मिनिटं गेली. मग मडिवाळप्पांना छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि घास खाली उतरला. त्यांनी हलकेच थुंकी गिळून बघितली. ती गेली. इतकं साधं सुख त्यांना कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. अजून एखादी थाप सुचलीही असती. पण मल्लव्वांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते बघून त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"खरं आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा होता पण ठाम होता. "शेंगा खवट नाहीत. भाकरी जळकी नाही. मी दोन्हीबद्दल खोटं बोललो. मला गिळता येत नाही, आणि आठ महिने माझ्या जिभेला सगळंच आंबट लागतंय. बरोबर म्हणायचो ते आपलं सवयीनं."

बसू डोकं खाजवत राहिला. "मग आठ म्हयने चव कोन बगतंय?"

सगळ्यांच्या माना रत्नम्माकडे वळल्या.

"मी? मी कशी बगनार?" रत्नम्मा म्हणाली. "मला बी घशाशी येतंय की. चार वर्सं झाली." तिने कमरेचा बटवा सोडला आणि गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "तेल सुटलं की मुसळाचा आवाज बदलतो. मीठ मुठीला कळतं. खायाला कशाला लागतंय?"

मडिवाळप्पांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "हीच माझी गोळी. उपाशीपोटी घेतेस?"

"व्हय. उठल्या उठल्या."

"मी पण," पुडा परत केलेली बाई म्हणाली. "अर्धा तास काही खायचं नाही ना नंतर?"

"म्हणजे," आबासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, "आठ महिने या गावानं कुणीही न चाखलेली चटणी खाल्ली."

"आणि श्रावणात तुम्हीच म्हणाला होतात," ती बाई म्हणाली, "की अशी चटणी अप्पांच्या दुकानात तीस वर्षांत झाली नव्हती."

आबासाहेबांनी वर केलेला हात खाली घेतला. मडिवाळप्पांना मात्र ते वाक्य मघाच्या घासासारखं छातीत जाऊन बसलं. आपण जीभ लावत होतो तेव्हापेक्षा आपण जीभ काढून घेतल्यावर चटणी चांगली झाली होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण पळून जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी काउंटरवरची परात उचलली आणि दोन्ही हातांनी रत्नम्मासमोर धरली.

"हात हिचा आहे," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "मी नुसता डोळे मिटत होतो. रत्नम्मा, पदर खोच. तुझ्या शेंगांना नाव ठेवलं, माफ कर."

रत्नम्माने परात घेतली. डोळे पुसल्यासारखं केलं आणि "तिखट उडालं" असं म्हणाली.

"ते समदं खरं," बसू म्हणाला, "पर माज्या तीस किलोचं काय? आता मीच खाऊन बगतो." त्याने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि चावायला लागला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने पहिला घास गिळला, काही न बोलता दुसरा घेतला, तिसऱ्याला तर भाकरीही घेतली नाही, नुसतीच चिमूट तोंडात टाकली. "लसूण कमी हाय म्हनालीस नव्हं तू?" त्याने रत्नम्माला विचारलं. "तशीच कमी ऱ्हाऊ दे. भरा."

टेंपो गेला. परत आलेले पुडे पुन्हा पिशव्यांत गेले. दुपारी मडिवाळप्पांनी माडीवरचं दार न लावता मऊ भात खाल्ला. मल्लव्वांनी वाढताना विचारलं, "भात जळकट लागत न्हाय न्हवं?" मडिवाळप्पांनी दोन्ही हात जोडले, तेव्हा कुठे त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजत आले तरी मडिवाळप्पा पलंगावर बसून होते. गल्ल्यावर जाऊन करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं. मल्लव्वांनी खिडकीतून खाली बघितलं. "जावा की खाली. वीस-पंचवीस मानसं उभी हायत."

"कशाला?"

"पहिला घास कोन खातंय ते बगायला."

मडिवाळप्पा उतरले. खाली आबासाहेब सगळ्यांत पुढे उभे होते, आणि त्यांनी आजही मागच्या बोळातून यायचा लांबचा रस्ता धरला होता, हे त्यांच्या चपलांना लागलेल्या गटाराच्या चिखलावरून दिसत होतं. मडिवाळप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि आतून कुठूनतरी जुनी ऐट वर आली. त्यांनी भाकरी मोडली, चटणीत दाबली आणि घास आबासाहेबांच्या हातावर ठेवला.

"मी?"

"खा. काही बोलू नका. तोंडाकडे बघतो मी तुमच्या."

आबासाहेब चावायला लागले. मडिवाळप्पांनी आज डोळे मिटले नाहीत, उलट चांगले रोखले. रांग पुढे सरकून गोळा झाली. आबासाहेबांनी गिळलं आणि बोलायला तोंड उघडलं, तोच मडिवाळप्पांनी बोट वर केलं.

"रत्नम्मा, मीठ चिमूटभर कमी आहे."

"मला तर बरोबर लागलं," आबासाहेब म्हणाले.

"तुमच्या जिभेला लागलं असेल. डाव्या भुवईला लागलं नाही."

आबासाहेबांनी डावी भुवई चाचपली. आतून मुसळाचे चार ठोके ऐकू आले आणि रत्नम्माने परात पुढे सरकवली. आबासाहेबांनी दुसरा घास खाल्ला, थांबले, पुन्हा चावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कमालच आहे! आत्ता बसलं मीठ. मघाशी खरंच कमी होतं हो!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. "बघितलं? बाकीच्यांना खाऊन कळतं. अप्पांना नुसतं बघून."

मडिवाळप्पांनी मात्र आत बघितलं होतं. गल्ल्यावरून उखळ आणि त्याच्या डाव्या बाजूची मिठाची बरणी सरळ दिसायची. रत्नम्माचा हात बरणीकडे गेलाच नव्हता. तिने मुसळ चार वेळा आपटलं होतं आणि तीच चटणी जशीच्या तशी बाहेर पाठवली होती. आताही ती मान खाली घालून पुढचा घाणा कुटत होती.

"रत्नम्मा," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्यापासून एवढंच मीठ ठेव."

"व्हय मालक," आतून उत्तर आलं. "एवढंच ठेवते."